शिशाचा गोळा

मी एका माणसाची भुवई फोडली आहे. पाव किलो शिशाचा गोळा तंगुसाला, म्हणजे मासेमारीच्या दोरीला, बांधलेला होता, तो फिरवून मारला. सात टाके पडले. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता. हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात पत्रकाचं पहिलं वाक्य असंच लागतं: काय झालं आणि कोणी केलं.

रत्नागिरीत मांडवीला आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाबांची स्क्रीन प्रिंटिंगची चौकट, मागच्या खोलीत आम्ही. माणसांना वाळीत टाकणाऱ्या गावांविरुद्ध बाबा पत्रकं काढायचे. अक्षरओळख व्हायच्या आधी मी कागदाच्या घड्या घालायला शिकले. बाबांचा नियम एकच होता: निनावी पत्रक काढायचं नाही. खाली नाव, गाव, पत्ता. एकदा एसटी स्टँडवर एका माणसाने छत्रीच्या दांड्याने त्यांचं नाक फोडलं. बाबांनी रुमाल नाकाला लावला, उरलेली पत्रकं वाटली आणि मगच घरी आले. आईने रक्ताचा सदरा मोरीत आपटून आपटून धुतला. सगळे बाबांना शाबासकी देत होते. मला बाबांचा राग आला होता. छत्री हिसकावून त्या माणसाच्या डोक्यात का घातली नाही, असं मी विचारलं. मला मारलं तर मी पत्रकं वाटत बसणार नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

कॅमेरा हातात आला तोही पत्रकांसाठीच. पण मन अडकलं जाखडी नाचात. गणपतीत आमच्या गावी वरची वाडी आणि खालची वाडी यांचा सामना होतो. मधे शाहीर, ढोलकी आणि झांज, भोवती एका पायात चाळ बांधलेले नाचे. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, आणि दोघांनी एकमेकांची यथेच्छ काढायची. हे सगळं देवळाच्या सभामंडपात. बाहेर पाऊस, आत दोन पिवळे बल्ब, भर दुपारीही माणसाचं तोंड ओळखू येत नाही. फ्लॅशला सक्त मनाई. ओल्या फरशीवर गरगरणाऱ्या नाच्याच्या डोळ्यांवर फ्लॅश आला की पाय चुकतो, आणि एकाचा पाय चुकला की चौघे पडतात.

मग मी हत्यारं बनवायला लागले. हत्यारं हा माझाच शब्द, तेव्हा गमतीने वापरलेला. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून जुन्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स मिळाली. माझ्या लेन्सपेक्षा ती कितीतरी जास्त उजेड आत घ्यायची, पण माझ्या कॅमेऱ्याला बसत नव्हती. मधे घालायची रिंग मला खालच्या वाडीतल्या एकाने करून दिली; त्याला मी दादा म्हणायचे. तो मिरजोळ्याला एका कारखान्यात लेथवर होता आणि गणपतीत झांज वाजवायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याने ॲल्युमिनियमचा तुकडा कातून रिंग आणली. पहिली जाड झाली, लांबचं काहीच स्पष्ट दिसेना. त्याने ती परत नेली, केसभर घासली आणि म्हणाला, "आता नाय बसली तर डोळे तपासून घे." बसली.

फणसाच्या लाकडाच्या दोन फळ्या आणि सायकलची ट्यूब यांचा शिकंजा केला, कॅमेरा खांबाला आवळायला. बटण दाबायला सायकलचा ब्रेक. लिव्हर दाबली की तार बटण दाबणार, आणि लिव्हरला रबर अडकवलं की कॅमेरा एकामागून एक फोटो काढत राहणार. नाचे उड्या मारायला लागले की लाकडी खांब थरथरतो, म्हणून कॅमेऱ्याखाली वजन टांगायचं ठरलं. जाळ्याला लावायचं शिसं जेटीवरून मागून आणलं, डब्यात वितळवलं आणि करवंटीत ओतलं. करवंटी ओली होती. शिसं फाडकन उडालं आणि मनगटावर चिकटलं. तो डाग अजून आहे. गोळा मात्र छान झाला, हातात बरोब्बर मावणारा. त्याला मासेमारीचा जाड तंगूस बांधला आणि टोकाला आकडा.

त्या वर्षी गौरीपूजनाच्या दुपारी सामना लागला. मी वरच्या वाडीच्या बाजूला खांबाशी उभी होते. आमचं घर वरच्या वाडीत, गावकराच्या, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याच्या, भावकीत. फोटोला अर्धा सेकंद लागत होता. अर्ध्या सेकंदात नाचणारा माणूस धूर होतो, उभा असतो तेवढाच स्पष्ट येतो. मला तेच हवं होतं, धुराच्या मधोमध झांजवाल्या दादाचा स्थिर चेहरा. म्हणून लिव्हरला रबर लावलं होतं.

खालच्या वाडीच्या शाहिराने मुंबईकरांवर सवाल टाकला: दोन दिवसांसाठी गाडीतून उतरतात, चपला न काढता गावाला अक्कल शिकवतात आणि आरतीला पहिला मान मागतात. मंडप हसला. मीही हसले. वरच्या वाडीतला एक मुंबईकर उठला आणि त्याने शाहिराच्या हातातला माइक ओढला. त्यानंतर कोण कोणाला मारत होतं हे कोणालाच सांगता आलं नसतं. ढोलकीवर पाय पडला, तिचं कातड्याचं पान फाटल्याचा आवाज मी ऐकला. एका नाच्याला दोघांनी चाळाच्या पायाला धरून फरफटत पायरीपर्यंत नेलं. गेल्या वर्षीच्या बांधाची, त्याआधीच्या लग्नातल्या मानपानाची, सगळी जुनी देणी हातांनी चुकती होत होती. देवाकडे पाठ करून माणसं एकमेकांच्या तोंडावर मारत होती.

गावकराचा पुतण्या माझ्या अंगावर आला. मोबाईलवर टाकायला शूटिंग करतेय असं त्याला वाटलं. त्याने शिव्या दिल्या, कॅमेऱ्याची ट्यूब ओढली, ती निघेना म्हणून माझं मनगट पिरगळलं, नेमका भाजलेल्या डागावर अंगठा रुतवून. मग सोडलं. हे नीट लिहायला हवं: त्याने हात सोडला होता. तो वळला होता आणि भांडणाकडे परत चालला होता. मी आकडा सोडवून गोळा काढला, तंगूस हाताला गुंडाळला आणि फिरवला. त्याला कोणीतरी हाक मारली म्हणून त्याने मान वळवली. ओला नारळ फुटावा तसा आवाज आला. तो खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड धरून, आणि बोटांमधून रक्त आलं.

मला बरं वाटलं. दोन श्वास, फार तर तीन. मग मी गोळा पिशवीत टाकला.

त्याला रिक्षातून रत्नागिरीला नेलं. संध्याकाळी देवळात गावकी बसली. जखम वाकडी होती, चंद्रकोरीसारखी. झांजेच्या कडेची जखम, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. झांज एकाच माणसाची होती. दादाने सांगितलं, मी कोणाला हात लावला नाय. कबूल करून देवापुढे नाक घास, असं त्याला फर्मावलं. त्याने नकार दिला. झांज काढून घेतली आणि निर्णय झाला: त्याच्या घरी कोणी जायचं नाही, त्याला कोणी बोलवायचं नाही, पाणी नाही, आग नाही, शब्द नाही. कायद्याने हा गुन्हा आहे. आमच्या बाबांनी ती कलमं गावोगाव वाटली होती, या गावातसुद्धा.

घरी येऊन मी माजघरात फोटो पाहिले. बरेचसे काळे होते. एका फोटोत मंडपभर माणसांचा धूर होता, त्यात बल्बच्या उजेडाने ओढलेली एक चकचकीत रेघ, माझ्या खांबापासून निघून पुतण्याच्या कपाळापर्यंत गेलेली. आणि मागे दादा, अगदी स्पष्ट. दोन्ही झांजा छातीशी घट्ट धरून उभा. मारामारीत त्या तुटू नयेत म्हणून धरल्या असणार. त्याच्याच रिंगमुळे त्याच्या बोटांवरची नखंसुद्धा मोजता येत होती.

मी कॅमेरा बंद केला आणि गौरीच्या जेवणाच्या पानावर बसले. घावन-घाटलं खाल्लं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सकाळी बाबांनी पत्रकाचा मजकूर लिहून माझ्यापुढे तपासायला ठेवला. 'निरपराध कलावंतावर अन्याय. खरा दोषी शोधा.' मी पेन्सिल घेऊन बसले. 'निरपराध'मधली वेलांटी तपासली. एक स्वल्पविराम काढला. बाबा म्हणाले, एवढंच? मी म्हणाले, बाकी ठीक आहे.

दुपारी विसर्जन. वाडीवाडीचे गणपती पऱ्यावर, म्हणजे आमच्या गावच्या ओढ्यावर, एकत्र आणायचे, ओळीने ठेवायचे, एकच आरती करायची आणि मग पाण्यात सोडायचे. प्रत्येकाचा गणपती उचलायला शेजारी येतात, झांज-ढोलकी घेऊन. दादाच्या घरी कोणी गेलं नाही. तो एकटा उतरणीवरून आला, डोक्यावर गणपती, चिखलात अंगठे रोवत. मागे त्याची बायको, हातात गौरीचा मुखवटा. दुसऱ्या हातातला डाव ती काखेतल्या ताटावर मारत होती. वाजवत नव्हती, मारत होती. ते पऱ्यापाशी पोचले तशी ओळ सरकली. माणसांनी आपापले गणपती उचलून दोन हात पलीकडे मांडले.

मी हातातलं आरतीचं तबक आईकडे दिलं आणि पुढे गेले. "भुवई मी फोडली," मी म्हणाले. "फोटो आहे माझ्याकडे. तो उभा होता नुसता."

पुतण्याची आई समोरच होती. तिने मला थोबाडीत मारली, मग उलट्या हाताने दुसरी. तिच्या बांगडीने ओठ फाटला. माझी मूठ वळली होती, एवढं मला आठवतं. शेजारी बाबा उभे होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, मुठीकडे बघत होते. मी ती उघडली. सोपं नव्हतं.

गावकराने माझ्या मोबाईलवर उतरवून घेतलेला फोटो पाहिला, लांबून, जवळून, चष्मा काढून. मग म्हणाला, "घरातलीच पोर आहे. चुकून लागलं असेल. मिटलं." माणसांनी माना हलवल्या. आरती सुरू झाली.

मिटलं. एका माणसाला त्याच जखमेसाठी चुलीतली आग नाकारली होती. माझ्यासाठी एक शब्द पुरला. मी ओरडले की चुकून नाही, तो वळला होता, मी नेम धरून मारलं. कोणी ऐकलं नाही, टाळ्यांच्या आवाजात ऐकूही गेलं नसेल. थोबाडीत मारणारी ती बाईच काय ती त्या पऱ्यावर माझ्याशी सरळ वागली.

रत्नागिरीला परतल्यावर मी आधी पोलिसांकडे जबाब दिला. मग जुन्या मजकुराचा कागद बाबांसमोर फाडला आणि नवा लिहिला. पहिल्या ओळीत मी काय केलं ते. मग गावकीने काय केलं ते, आणि माझ्या बाबतीत काय केलं नाही ते. खाली माझं नाव, गाव, पत्ता. चौकटीवर शाई मीच ओढली. बाबांनी वाचलं आणि एकच दुरुस्ती केली: मी 'माझ्या हातून जखम झाली' असं लिहिलं होतं, ते खोडून 'मी जखम केली' असं केलं.

पहिलं पत्रक घेऊन मिरजोळ्याला गेले. दादा कारखान्याच्या फाटकाबाहेर पानपट्टीपाशी उभा होता. झांज त्याच्या कुंपणावर कोणीतरी आणून लटकवली होती, एक कड चेपलेली. माफी कोणी मागितली नव्हती. त्याने पत्रक दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"बरोबर लिवलंस," तो म्हणाला. "पण विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी तू देवळातच होतीस. मी नाय म्हणत होतो तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस."

मी हो म्हणाले.

"माझी बायको ताट वाजवत पऱ्यावर गेली, ते तुला बघायला लागलं तेव्हा तुला वाचा फुटली." मग त्याने हात पुढे केला. "रिंग दे."

मी पिशवीतून कॅमेरा काढला, लेन्स काढली, रिंग फिरवून सोडवली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उजेडाकडे धरली, कडेवरून अंगठा फिरवला, आपलं काम तपासावं तसा. भोंगा झाला. रिंग खिशात पत्रकाच्या शेजारी टाकून तो आत गेला.

शिशाचा गोळा पोलिसांनी ठेवून घेतला आहे. लेन्स माझ्याकडे आहे, कशालाच बसत नाही. दुसरीकडून रिंग करून घेता येईल, बरेच जण सांगतात. मी अजून कोणाला करायला सांगितलेली नाही.