मुकादम कशासाठी असतो

"आपण मुकादम? वा! मग जाताना ही खुर्चीही पुसून जा हं."

सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त हेडमास्तर, हसत म्हणाले. कचऱ्याच्या मीटिंगला त्यांनीच मला बोलावलं होतं. खुर्ची रिकामी होती म्हणून मी बसले होते. उठले. हो, उठले. त्याची लाज अजून वाटते.

झाडूवाल्या बायांतून मी वर आले होते. मुकादम म्हणजे आपल्या माणसांच्या वतीनं बोलणारा, असं आमची वस्ती समजते. वस्तीनं माझ्या मुकादमीचे पेढे वाटले होते. मीही खाल्ले.

मीटिंगमध्ये तक्रार एकच. गटाराच्या तुंबलेल्या चेंबरमध्ये हात घालायला शांताबाईनं नकार दिला होता. शांताबाई माझ्या हाताखालची, पन्नाशी उलटलेली, धायरीहून पहिल्या बसनं येणारी.

"तिची आज गैरहजेरी लावा," सेक्रेटरी म्हणाले. "आणि काम करून घ्या. मुकादम कशासाठी असतो?"

"साहेब, हातानं करायला कायद्यानं बंदी आहे."

"अहो, आम्हाला शिकवू नका. आम्ही शिकवूनच रिटायर झालो."

सगळे हसले. मीही थोडी हसले. सवय.

बाहेर शांताबाई थांबली होती. "बोललीस न्हवं आमच्यासाठी?" तिनं विचारलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आई म्हणायची. तो दांडा मी होते. ह्यांना आमच्यातलंच एक माणूस हवं असतं, आमच्यावर सोडायला.

हजेरीवही काखेत होती. शांताबाईच्या नावापुढे 'हजर' लिहिलं आणि आत जाऊन वही सेक्रेटरींसमोर धरली.

"हजर आहे. चेंबरला मशीनची गाडी मागवा."

सेक्रेटरींच्या तक्रारीवरून आठवड्यात मुकादमी गेली. पुन्हा झाडू. नवा मुकादम आमच्याच गल्लीतला. त्यानं दोन दिवस शांताबाईची गैरहजेरी लावली. तिसऱ्या दिवशी तिनं चेंबरमध्ये हात घातला. पोटासाठी. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. माझ्या एका 'हजर'नं तिचं काय भलं झालं? काहीच नाही.

मग चेंबर पुन्हा तुंबलं आणि पाळी माझ्यावर आली. मी नव्या मुकादमाला म्हणाले, "मी हात घालणार नाही. लाव गैरहजेरी."

त्यानं लावली. दुसऱ्या दिवशीही लावली. मी रोज जाते, रस्ता झाडते आणि चेंबरला नाही म्हणते. काही बदलेल असं वाटत नाही. नोकरी जाईल. जाऊ दे. हात घालणार नाही.