जात्याचा खुंटा

परवा जुन्या जात्याला हात लागला आणि लालबागच्या चाळीची गच्ची आठवली. खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. अख्खा रस्ता एका फोटोत घेणारा कॅमेरा आम्हाला कुठला परवडणार? ताईने चोरबाजारातून साधा बॉक्स कॅमेरा आणला होता. आईचं जातं कठड्यावर चढवून तिने तो त्यावर ठेवला.

"खुंटा धर, हळू फिरव. धक्का दिलास तर महिनाभर दळण तूच दळायचं."

मी फिरवत गेलो, ती रस्त्याचे एकामागून एक तीन फोटो टिपत गेली. तिन्ही फोटो डिंकाने शेजारी शेजारी चिकटवले.

त्यातल्या मोर्चात सगळी चाळ आहे, मी नाही. लाठीच्या भीतीने मी खाली उतरलोच नव्हतो, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. पण फोटोतला रस्ता कुठेही तुटलेला नाही. खुंटा माझ्या हातात होता.