मातीच्या भांड्यातला भात

सिंगापूरला लेकीकडे जाऊन चार दिवस झाले होते. जावई कामासाठी बाहेरगावी गेलाय, असं ती सांगत होती. दुपारी ती मला घराजवळच्या खाऊच्या बाजारात घेऊन गेली. तिथे एक बाई कोळशाच्या शेगड्यांवर, मातीच्या भांड्यांत कोंबडी घालून भात शिजवत होती. अर्धा तास लागेल, म्हणाली. मला बसवेना. आयुष्यभर भात मी टाकला आणि वाट घरच्यांनी पाहिली. त्यात आमच्या खुर्च्या कधी रिकाम्या होतात म्हणून माणसं पाठीशी येऊन उभी राहत होती.

भांडं घेऊन ती बाई स्वतःच आली. मला बघून हसली आणि लेकीला मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आज सोबत आहे, छान. रोज एकटीच जेवतेस."

लेक खाली मान घालून तळाची खरवड सोडवत राहिली. मी रोज फोनवर विचारायचे, "जेवलीस का?" ती "हो" म्हणायची आणि मी निश्चिंत व्हायचे. कुणाबरोबर जेवलीस, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"सहा महिने. तो परत नाही यायचा, आई."

उठावं, तिला घेऊन तडक घरी निघावं, असं वाटत होतं.

"बाबांना कसं सांगू?" तिने विचारलं.

"बाबांना मी सांगते," मी म्हटलं. "तू जेव."