उन्हाळ्याची अट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही – आणि माझ्या पोटात काही राहत नाही असं म्हणणारी माणसं तर गल्लोगल्ली सापडतील. राहतं. हे राहिलं. आता तुम्हाला सांगते आहे, पण एक आधीच ठरवून टाकू – मन हलकं करायला मी बसलेली नाही. मी नीट जेवते, नीट झोपते, साइटवर जाऊन गवंड्यांवर ओरडते. माझी कीव करायची हौस असेल तर इथेच थांबा.

मी आर्किटेक्ट आहे, सोलापूरची. काही वर्षांपूर्वी इथल्या आर्किटेक्ट आणि इंजिनियर मंडळींनी मिळून ठरवलं, की ऑफिसच्या इमारतींसाठी आपण आपलं स्वतःचं पर्यावरण मानांकन काढायचं. म्हणजे काय, तर जी इमारत वीज कमी खाते, पाणी जपून वापरते आणि आत बसणाऱ्या माणसाला उकडून काढत नाही, तिच्या दारावर आमची हिरवी पाटी लागणार. पाटी कुणाला द्यायची याचे निकष लिहायला एक समिती केली आणि मला तिची निमंत्रक केलं. बाहेरची मानांकनं होतीच की, पण ती वाचून हसू यायचं. भरपूर ऊन आत येऊ द्या म्हणे. सोलापुरात? इथलं ऊन बोलावल्याशिवाय येतं आणि उठायचं नाव घेत नाही. म्हणून आम्ही आमचे निकष लिहिले – पश्चिमेच्या भिंतीत काच किती, खिडकीवरचा छज्जा किती पुढे, गच्चीला पांढरा रंग, पावसाच्या पाण्याचं काय, एसी कितीच्या खाली न्यायचा नाही. एकेका ओळीवर भांडलो. ते निकष चांगले होते. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

त्या समितीत अण्णा होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनियर, मूळचे कर्नाटकच्या सीमेजवळच्या दुधनीचे, घरात कानडी आणि बाहेर मराठी. मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले तेव्हा पहिलं काम त्यांनीच मला मिळवून दिलं होतं, आणि माझा पहिला स्लॅब ओतला जात होता तेव्हा दिवसभर उन्हात माझ्याशेजारी उभे राहिले होते. मला ते 'अव्वा' म्हणायचे, त्यांच्याकडे लेकीला मायेनं म्हणतात तसं.

अण्णांची एकच अट होती. तपासणी उन्हाळ्यातच करायची. एप्रिल-मेमध्ये, भर दुपारी, ऑफिस माणसांनी भरलेलं असताना, आणि तपासणाऱ्यानं स्वतः तिथे खुर्ची टाकून बसायचं. "जानेवारीत तर पत्र्याचं शेड बी गार असतंय की," ते म्हणाले, "मे महिन्यात तितं बसून बग अव्वा, मग लाव पाटी." सगळे हसले आणि अट मसुद्यात गेली. मीच ती माझ्या हातानं लिहिली.

मग अडचण कुठे होती? अडचण – जरा दम घेते – अडचण माझी स्वतःची इमारत होती.

एका पतसंस्थेचं मुख्य ऑफिस. माझं पहिलं मोठं काम. त्याला पश्चिमेच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत काच आहे. चेअरमनना पुण्यासारखं काहीतरी हवं होतं, असं मी लोकांना सांगते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. मलाही हवं होतं. संध्याकाळी ती काच अशी पेटायची, की मी वाट वाकडी करून त्या रस्त्यानं घरी जायची. आणि आत कोण बसायचं त्या काचेमागे? ठेवी विभागातल्या बायका. त्यांनी काचेला आतून पुठ्ठे लावले होते, एकीनं घरची जुनी चादर टांगली होती. मी गेले की ती चादर हसत हसत बाजूला करायची – मॅडमना वाईट वाटू नये म्हणून. मला वाईट वाटायचं नाही. राग यायचा, त्या चादरीचा.

मानांकनाची घोषणा होताच चेअरमननी पहिला अर्ज केला. निमंत्रकबाईंचीच इमारत, म्हणजे पाटी आलीच, असा त्यांचा हिशेब. काचेचे गुण गेले असते, पण बाकी ठिकाणी ते भरून निघत होते. उन्हाळ्याच्या अटीला मात्र गुण नव्हते. ती पुरी झाली तर पाटी, नाहीतर नाही. आणि त्या काचेमागे मे महिन्यातल्या दुपारी कुणी घटकाभर जरी बसला असता, तरी पुढचं काही बघायची गरज पडली नसती. हे मला चेअरमनपेक्षा जास्त माहीत होतं.

अटीविरुद्ध मी वाद घालू शकत होते. वादात मी सहसा हरत नाही. पण त्या अटीविरुद्ध बोलायला माझ्याजवळ एक शब्द नव्हता, कारण ती बरोबर होती. जी गोष्ट बरोबर आहे पण आपल्याला नको आहे, तिचं माणूस काय करतं? मी काय केलं ते सांगते.

मसुदा शेवटचा वाचायचा होता त्या बैठकीला अण्णा नव्हते. भाचीच्या लग्नासाठी दुधनीला गेले होते. मी वाचत वाचत त्या जागी आले आणि 'सोयीच्या कोणत्याही दोन आठवड्यांत तपासणी करावी' असं वाचून पुढे गेले. एकानं विचारलं, उन्हाळ्याचं काय झालं? मी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं – अण्णांनीच फोनवर काढायला सांगितलं, एका उन्हाळ्यात एवढ्या इमारती कुठे बघून होणार म्हणाले. शंका घ्यायला कुणाला कारणच नव्हतं. आम्ही पुढच्या निकषावर गेलो.

इथवर ते नुसतं खोटं होतं. खोटं कोण बोलत नाही? तुम्ही नाही बोलत? गोष्ट इथेच संपली असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

पुढच्या बैठकीला अण्णा आले. छापलेला मसुदा त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि भडकले. तुम्हीच फोनवर काढायला सांगितलंत ना, असं कुणीतरी म्हणालं. "मी असं बोललोच न्हाय," ते म्हणाले. "कवा बोललो?"

आता एक तर मी खोटी ठरणार होते, नाहीतर ते. मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडण झालं असतं, आणि भांडणात अण्णांनी माझं काही चालू दिलं नसतं. मी आवाज खाली आणला. आजारी माणसाशी बोलताना आणतात तसा. अण्णा, चांगलं पाच-दहा मिनिटं बोललो की आपण, मी म्हणाले, तुम्ही लग्नाच्या गडबडीत होता, असू द्या, होतं असं. आणि मग मी त्यांच्याकडे न बघता बाकीच्यांकडे बघितलं. हे मी ठरवून केलं – नकळत झालं असं समजू नका. अशी नजर फिरवली, की सगळ्यांना आपोआप आठवावं. अण्णा मागे एकदा हेल्मेट हॉलमध्येच विसरून गेले होते, ते. खजिनदाराला त्याच्या वडिलांच्या नावानं हाक मारली होती, ते. अशा गोष्टी कुणाच्या हातून होत नाहीत? पण त्या दिवशी त्या मोजल्या गेल्या.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जराही संशय असता, तर मी आज निराळी गोष्ट सांगत असते. नव्हता. मी खोटं बोलेन हे त्यांच्या मनातच आलं नाही. आपलं डोकं काम देईनासं झालंय, हे मानणं त्यांना सोपं गेलं.

"बोललो असंन," ते म्हणाले, आणि खाली बसले. कुणीतरी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

हा माझा अपराध. काच लावली हा नाही. काच सगळ्या शहरानं लावली आहे. एका शहाण्या माणसाला मी त्याच्याच डोक्यावर शंका घ्यायला लावली, आणि तो माझ्यावर विश्वास ठेवत होता म्हणूनच ते मला जमलं. परक्या माणसाला हे जमलं नसतं.

माझ्या इमारतीची तपासणी संक्रांतीच्या आसपास झाली. चादर आधीच काढून ठेवली होती. पाटी लागली, फोटो निघाले. ठेवी विभागातल्या बायकांनी पुढे कूलर मागितला, तेव्हा चेअरमननी त्यांना दारावरची पाटी दाखवली म्हणे. तेही माझंच, मी कुठे नाही म्हणते?

अण्णांनी स्कूटर सोडली. बैठकीत बोलणं सोडलं. मत विचारलं की म्हणायचे, "तुमी बगा, माजं काय खरं न्हाय." घरी बायकोला विचारत राहायचे – मी गोळी घेतली का, मी दार लावलं का? त्यांची मुलगी महानंदा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, की वयाच्या मानानं ठणठणीत आहेत. अण्णांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला. महानंदानं मला फोन करून आभार मानले – तुम्ही वेळेवर लक्षात आणून दिलंत ताई, आम्हा घरातल्यांना कळलंही नसतं. मी काय म्हणाले असेन? काळजी घ्या म्हणाले.

पुढे ते बायकोला घेऊन दुधनीला भावाकडे राहायला गेले. मी भेटायला गेले. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आत चहा टाकत होत्या, ओसरीवर आम्ही दोघंच होतो. अण्णा जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "अव्वा, खरं सांग. त्या फोनवर मी तसं बोललो होतो का?" ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. एक शब्द म्हटला असता, 'नाही' एवढाच, तर त्या माणसाला त्याचं डोकं परत मिळालं असतं. मी हो म्हणाले. पहिलं खोटं इमारतीसाठी होतं असं म्हणता येईल. हे कशासाठी होतं? माझ्यासाठी. दुसरं काही कारण मी शोधलेलं नाही, आणि तुम्हीही माझ्या वतीनं शोधू नका.

मग एका मे महिन्यात ठेवी विभागातली एक बाई दुपारी जागेवरच घेरी येऊन पडली. चादर टांगणारी तीच. ती वाचली, बरी झाली. मी मात्र त्याच महिन्यात समिती बोलावली, निकष सुधारायला घेतले, आणि उन्हाळ्याची अट पुन्हा घातली. पहिली तपासणी माझ्याच इमारतीची लावली. ती नापास झाली आणि मी स्वतः उभं राहून पाटी उतरवली. त्यावरून माझा सत्कार झाला. स्वतःच्या इमारतीची पाटी उतरवणारी प्रामाणिक बाई म्हणून. मी शाल घेतली, नारळ घेतला. नाही म्हणायला हवं होतं? भाषणात अण्णांचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, की अण्णांनीच ती अट काढायला सांगितली होती ना?

याला प्रायश्चित्त म्हणू नका, मला चीड येते त्या शब्दाची. अट बरोबर होती म्हणून मी ती आणली. ज्या माणसाकडून ती हिसकावली त्याला त्यातलं काही परत मिळालं नाही. मी माफी मागत नाही, कारण ती द्यायचा हक्क तुम्हाला नाही, आणि ज्यांना आहे त्यांच्याकडे मी मागितली नाही. भ्याले का? हो, भ्याले. एवढं धीट तोंड घेऊन गावभर फिरते आणि एका म्हाताऱ्या माणसापुढे भ्याले.

तुम्ही म्हणाल, मग आता जाऊन सांग ना त्यांना. गेले होते. नवे निकष छापून आले तेव्हा ते घेऊन दुधनीला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. अण्णा ओसरीवर बसले होते, वाळले होते, पण मला ओळखलं, वहिनींना चहा ठेवायला सांगितलं. डोळ्यांना त्रास होतो म्हणाले, तू वाच. मी एकेक निकष वाचून दाखवला. ते मान हलवत होते. उन्हाळ्याची अट आली – एप्रिल-मे, भर दुपार, तपासणाऱ्यानं स्वतः बसायचं – तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. परत वाच म्हणाले. मी परत वाचली.

"लई बरूबर हाय हे," ते म्हणाले. "आमी जन्मभर इमारती बांदल्या, पण हे आमच्या डोक्यात कदी आलं न्हाय बग."

खरंच विसरले होते, की एवढ्या वर्षांत विसरायला शिकले होते – मला सांगता येणार नाही. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. अण्णांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, निव्वळ कौतुक.

"कुनाला सुचलं गं हे, अव्वा?"

"मला, अण्णा," मी म्हणाले.