नेकारसुल्मचा घाणा

२०१६च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे, सुमेधकडे, नेकारसुल्मला पोचलो. उतारावर द्राक्षांचे मळे, खाली मोटारींचा कारखाना आणि सुमेधच्या इमारतीच्या जिन्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचा खमंग वास! "अगं, आपण जर्मनीतच उतरलो ना?" हे म्हणाले.

वास वरच्या मजल्यावरून, लामिनच्या घरातून येत होता. लामिन सुमेधच्या कारखान्यातला, मूळचा गांबियाचा. गांबिया म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका नदीच्या दोन्ही काठांना चिकटलेला चिमुकला देश. नकाशात बोट ठेवलं की झाकला जातो. रविवारी त्यानं आम्हाला दोमोदा (दाण्यांच्या कुटाचं दाट कालवण) आणि भात जेवू घातला. माझ्यासाठी मुद्दाम बिनमटणाचा. पहिल्याच घासाला मी म्हटलं, "ही तर आमची दाण्याची आमटी!"

"आंटी, आमच्याकडे जिकडे तिकडे भुईमूगच," लामिन इंग्रजीत सांगू लागला. "पण पीक जातं बोटीनं परदेशात, आणि माझी आई पिवळ्या डब्यातलं परदेशी तेल विकत आणते."

मला संतापच आला. माझ्या माहेरी तेलाचा घाणा होता. घाणा सुरू करण्याआधी आजोबा आम्हा सगळ्या पोरांना आग्रह करकरून जेवायला घालत. इतका प्रेमळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, असं मी लामिनला सांगितलं. यांनी हे पूर्वी बरेचदा ऐकलं असल्यामुळे ते भात वाढून घेत होते.

लामिनचा सगळा जीव एका यंत्रात अडकला होता. तळमजल्यावरच्या फ्राऊ वेबर यांच्या केलरमध्ये (तळघरात) त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं तेल काढायचं यंत्र होतं, हातानं फिरवायचं. ते आईच्या गावाला पाठवायचं त्याच्या मनात होतं आणि त्याच्या मित्रांचं सामान पुढच्याच आठवड्यात बोटीनं निघणार होतं. पण बाई ऐकेनात. "हे अक्रोडाचं यंत्र आहे. शेंगदाण्याचं तेल निघतं हे मला दाखवा. एक बाटली भरून. उगाच गंजायला मी ते आफ्रिकेत पाठवणार नाही."

लामिनकडे आईनं पाठवलेले पिशवीभर दाणे होते. तेवढेच.

"काळजी करू नकोस," मी म्हटलं. "मी घाण्यावर वाढलेय."

हे उगाचच खोकले.

शनिवारी दुपारी आम्ही सगळे इमारतीच्या अंगणात जमलो. "दाणे आधी हलके भाजून घे, तेल चांगलं सुटतं," असा हुकूम मी लामिनला सोडला होता. तो गरम दाण्यांची परात घेऊन खाली आला. मी पदर खोचून यंत्राचा दांडा फिरवला. कर्रर्र असा आवाज झाला आणि सुमेध धावत आला.

"आई, थांब! एक ते तीन मिटाग्सरूअ असते! दुपारची शांतता! शेजारी तक्रार करतील."

झालं. सगळे गप्प बसलो. मधोमध गरम दाण्यांची परात आणि भोवती पाच माणसं. नीट भाजलेत का ते बघायला मी चार दाणे उचलले. लामिननंही खात्री करून घेतली. मग सुमेधनं. यांनी तर घरात जाऊन आम्ही आणलेला गुळाचा खडा आणला. फ्राऊ वेबर आधी "नाइन, डांके" (नको, आभार) म्हणाल्या. मग शिष्टाचार म्हणून एक दाणा घेतला, मग गुळाबरोबर एक. त्यानंतर त्यांनी खुर्चीच पुढे ओढली. शांतता मात्र आम्ही कडक पाळली.

चर्चच्या घंटेनं तीनचे टोले दिले तेव्हा परातीचा तळ दिसत होता.

माझ्या पोटात गोळा आला. थोडा दाण्यांचाही असेल. उरलेली मूठ-दोन मुठी यंत्रात घातली. तेल आलं, सोनेरी, सुवासिक, पण बाटलीचा तळ जेमतेम ओला झाला. "आता आईला काय सांगू?" लामिन पुटपुटला. मला त्याच्याकडे बघवेना. सगळ्यात जास्त बढाया मी मारल्या होत्या आणि सगळ्यात जास्त दाणेही बहुधा मीच खाल्ले होते.

फ्राऊ वेबरनी चष्मा लावला. बाटली उन्हात तिरकी धरून पाहिली. ओठाला चिकटलेला गूळ पुसला.

"आल्झो (तर मग). बाटली भरली आहे."

"कुठे?" सुमेधनं विचारलं.

"थोडी इथे," त्यांनी बाटली दाखवली. मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "बाकीची इथे. मी खाल्लं ते हिशेबात धरायला नको? यंत्र घेऊन जा, लामिन."

लामिननं त्यांना अशी मिठी मारली की चष्मा यंत्रात पडता पडता वाचला. त्या चमचाभर तेलात मी संध्याकाळी उकडलेल्या बटाट्यांना मोहरीची फोडणी दिली.

आम्ही परत पुण्याला आलो. काही महिन्यांनी लामिननं गावाकडून आलेला फोटो पाठवला. मधे यंत्र, शेजारी त्याची आई आणि भोवती अर्धं गाव, सगळ्यांचे गाल फुगलेले. आईच्या हातातल्या बाटलीत दोन बोटं तेल. खाली त्यानं लिहिलं होतं, 'आंटी, यंत्र झकास चालतं. पिशवीभर दाणे घेतात, तेल मात्र एवढंच. काय चुकतंय?'

मी फोटो मोठा करून ते फुगलेले गाल पाहिले. मग उत्तर लिहिलं, 'आधी सगळ्यांना पोटभर जेवायला घाला. मगच यंत्राला हात लावा.'

आजोबा प्रेमळ होते, यात शंकाच नाही. पण त्यांना धंदाही कळत होता, हे समजायला मला जर्मनीला जाऊन यावं लागलं.