शेपटीकडं तोंड

चनबसाप्पा कोरी हा माणूस मला कधीच आवडला नाही, आणि आता त्याची कीव येते म्हणून मी माझं मत बदलणार नाही. उद्यमनगरात माझ्या लेथला लागूनच त्याचं गॅरेज. मधे फक्त एक पत्रा. त्या पत्र्यातून त्याच्या शिव्या ऐकत माझी उमेदीची वर्षं गेली. कर्नाटकाच्या सीमेवरच्या नेसरीकडचा माणूस, त्यामुळं शिवीची सुरुवात मराठीत आणि शेवट कानडीत. ज्याला पडायची त्याला अर्धीच कळायची, पण तेवढी पुरत असे.

त्याचा धंदा ट्यूनिंगचा. शर्यतीच्या आणि डोंगरावर चढवायच्या गाड्या त्याच्याकडं यायच्या. इंजिनला पेट्रोल किती द्यायचं, हवा किती घ्यायची, ठिणगी कधी टाकायची, हे जुळवणं म्हणजे ट्यूनिंग. पेट्रोल जास्त झालं तर गाडी धूर ओकते आणि रडते. कमी झालं तर आत भट्टी पेटते आणि पिस्टन मेणासारखं वितळतं. हा तोल चनबसाप्पा कानानं काढायचा. लोक त्याला मशीन म्हणायचे, आणि त्यालाही ते पटायला लागलं होतं.

गाडी चालू झाली की हा उजव्या मडगार्डजवळ उभा राहायचा, पण तोंड बॉनेटकडं नाही, गाडीच्या शेपटीकडं. उजवा खांदा इंजिनला लावायचा, डोळे मिटायचा आणि बोटानं खूण करायचा, वाढव, कमी कर. साऱ्या उद्यमनगरातल्या मेस्त्र्यांनी ही ढब उचलली. गुरूची विद्या त्या उभं राहण्यात आहे असं वाटून चांगली जाणती माणसं गाडीला अर्धी पाठ करून उभी राहायला लागली. चनबसाप्पा ते बघायचा आणि म्हणायचा, "माकडं हायती सगळी."

गिऱ्हाइकालाही तो सोडत नसे. "पावणं, गाडी चालवताय का नांगर धरताय?" हे त्याचं स्वागत. धैर्यशील म्हणून एक पोरगेला शर्यतवाला होता, त्याची गाडी बंद पडली तेव्हा चारचौघांत त्याला म्हणाला, "बसायला घोडा न्हाय, तुला पाळणा पायजे." तो पोरगा पुन्हा या गल्लीत दिसला नाही. पण खरी धार त्यानं राखून ठेवली होती ती स्वतःच्या मुलासाठी.

शिवकुमारला लहानपणापासून जाड चष्मा. बाप इंजिन चालू करायचा, विचारायचा, "काय ऐकू येतं?" पोरगं घाबरून काहीतरी सांगायचं. मग बाप समोरच्या माणसाकडं वळून म्हणायचा, "ह्याला देवानं कान दिल्यात ते नुसतं चष्मा आडकवायला." माणसं हसायची. शिवकुमार दहावी झाला, इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला, तरी सुट्टीला आला की हेच वाक्य आणि हेच हसू. त्याच्या लग्नाच्या बोलण्यांत सुद्धा बापानं हे मुलीकडच्यांना ऐकवलं होतं. लग्न मोडलं नाही, एवढंच.

चनबसाप्पाची बायको शांतादेवी शांतच बाई. नवऱ्याच्या उजव्या हाताला बसायची, गिऱ्हाईक काही बोललं की तेच जरा मोठ्यानं पुन्हा बोलायची. "ते म्हणतात गाडी शनवारी पायजे." आम्हाला वाटायचं, बाईला शब्द उष्टे करायची सवय आहे.

गेल्या वर्षी शिवकुमार पुण्याची नोकरी सोडून परत आला. त्याला गॅरेज चालवायचं होतं. दुसरं काहीच नको होतं त्याला, हे मी त्याच्या तोंडून ऐकलंय. सोबत लॅपटॉप होता आणि दोन सेन्सर. सायलेन्सरच्या पाइपात बसवायचे, स्पार्कप्लगएवढे, वायर लावलेले. वाइडबँड म्हणतात त्यांना. इंजिनातून बाहेर पडणारा धूर हुंगून ते सांगतात की आत पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग जळाले.

"आणि दोन कशाला?" मी विचारलं.

"काका, सहा सिलिंडरचं इंजिन असलं की तीन डावीकडं, तीन उजवीकडं. दोन्हीकडचा धूर पुढं एका पाइपात मिसळतो. तिथं एकच सेन्सर लावला तर तो सरासरी सांगणार. एका बाजूला पेट्रोल जादा, दुसरीला कमी, आणि हा म्हणणार सगळं बरोबर हाय. म्हणून दोन्ही बाजूंना येगळा पायजे."

बापानं ते ऐकलं. गॅरेजच्या दारात तेव्हा पृथ्वीराज नावाच्या एका गिऱ्हाइकाची जीप उभी होती. बाहेरून आणलेलं सहा सिलिंडरचं इंजिन तिच्यात चनबसाप्पानंच बसवलेलं, आणि जीप डोंगराच्या स्पर्धेला निघालेली. चनबसाप्पा अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला, "लाव तुझी दोन नाकं ह्या गाडीला. मला ऐकू आली न्हाय अशी एक जरी खोट काढलीस तर मी परत इंजिनाला हात लावणार न्हाय. न्हाय काढलीस तर इचलकरंजीला मामाच्या यंत्रमागावर जायाचं. तिथं कान लागत न्हाईत, तिथली सगळीच भयरी हायती."

शिवकुमारनं मान डोलावली. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, पांढराफटक.

ठरल्या दिवशी सकाळी जीप रोलरवर चढली. रोलर म्हणजे गाडी जागेवर उभी, चाकं मात्र भाराखाली पळतात. निम्मं उद्यमनगर जमलं होतं. कुणाला गाडीत रस नव्हता, बाप मुलाची कशी काढतो ते बघायला आले होते. मीही लेथ बंद करून गेलो.

सेन्सर बसवण्याआधी ते उघड्या हवेत तापवून जुळवून घ्यावे लागतात. शिवकुमारनं दोन्ही सेन्सर स्टँडला लटकवले आणि वीज जोडली. आतली चिमुकली भट्टी लाल झाली. तेवढ्यात शांतादेवी ताट घेऊन आली. त्यांच्या घरात नवीन हत्याराला विभूती लावून नारळ फोडल्याशिवाय ते वापरत नाहीत. लेथचा ड्रिल असो की कणीक तिंबायचं यंत्र, रीत तीच. पोराच्या परीक्षेचा दिवस, तिनं जरा जास्तच भक्ती केली. शिवकुमार केबल जोडायला खाली वाकला होता. तिनं नारळ फोडला, विड्याच्या पानानं पाणी घेतलं आणि डाव्या सेन्सरवर शिंपडलं. चर्रर्र झालं.

शिवकुमारनं मान वर केली. तापलेल्या सेन्सरवर पाण्याचा थेंब पडला तर आतली चिनी माती तडकू शकते, हे त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा तो आईला एवढंच म्हणाला, "असू दे अव्वा." तिला काही कळलं नाही. ती उजव्याचीही पूजा करायला निघाली होती, त्यानं हळूच ताट घेतलं.

इंजिन सुरू झालं. चनबसाप्पा आपल्या जागी, उजव्या मडगार्डला खांदा लावून, शेपटीकडं तोंड करून, डोळे मिटून. गाडीत बसलेल्या पृथ्वीराजनं भार वाढवला. लॅपटॉपवर आकडे पळायला लागले. उजवीकडं साडेअकरा, डावीकडं चौदा. शिवकुमारनं लगेच त्याला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायला सांगितलं.

"डाव्या बाजूला पेट्रोल कमी पडतंय आप्पा. लई कमी. अशीच डोंगरात गेली तर पिस्टन जाणार."

"दोन्हींची सरासरी किती?"

"पावणेतेरा."

"मग बरोबरच हाय की." चनबसाप्पा हसला. मग त्याची नजर ताटाकडं गेली आणि त्याला आयतंच सापडलं. "अगं ए, तू पाणी घातलंस त्या डाव्यावर? घ्या! आईनं देवाचं पाणी पाजून पोराचं यंत्र मारलं. जल्मात एक काम धड केलं न्हाईस, आज पोराला इचलकरंजीला धाडलंस बघ." माणसं हसली. शांतादेवीच्या हातातली नारळाची वाटी खाली पडली. ती उचलायलाही वाकली नाही.

आणि तिथं शिवकुमारचं काहीतरी तुटलं. आवाज न चढवता तो म्हणाला, "सेन्सर मेला असंल तर तो कुठंबी बसवला तरी खोटंच बोलंल. मी डाव्याचा उजवीकडं घालतो, उजव्याचा डावीकडं."

त्यानं तापल्या पाइपातून दोन्ही काढले. बोटं भाजली, पण थांबला नाही. अदलाबदल करून पुन्हा गाडी पळवली. नारळाचं पाणी प्यालेला सेन्सर आता उजवीकडं होता, आणि साडेअकरा दाखवत होता. डावीकडं पुन्हा चौदा. सेन्सर जित्ता होता. खोट इंजिनात होती.

तेवढ्यात आम्हाला आवाज ऐकू आला. डाव्या बाजूनं, डब्यात खडे हलवावेत तसा, टिकटिक टिकटिक. भाराखाली पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून असं कुरकुरतं. मला आला. पृथ्वीराजला गाडीत बसून आला. पान खायला आलेल्या माणसालाही आला, त्यानं ओरडून विचारलं, "काय वाजाय लागलंय?"

"कुठं वाजतंय?" चनबसाप्पा म्हणाला. "काय वाजत न्हाय. गप की खुळ्यांनो."

तो पुन्हा तसाच खांदा लावून उभा, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर तेच हसू. शिवकुमार त्याच्याकडं बघत राहिला, मग त्याच्या पायांकडं, मग त्या उजव्या खांद्याकडं. पोरगं हुशार होतं. त्यानं पृथ्वीराजला इंजिन बंद करायची खूण केली, गाडीला वळसा घातला आणि बापाच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर जाऊन उभा राहिला. बापाचे डोळे मिटलेलेच होते. इंजिन थांबलं तरी रोलरवर चाकं अजून वेगानं फिरत होती, त्यानं गाडी त्याच्या खांद्याला थरथरतच होती.

नेहमीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो बोलला, "आप्पा, तुमचा डावा कान कशाला हाय? तुम्हाला तर चष्माबी न्हाय."

चनबसाप्पा हसत होता.

"आप्पा, इंजिन बंद हाय."

त्याचं बोट अजून खूण करत होतं, वाढव, वाढव. उजवा कानही तोवर निम्मा गेला असावा.

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं उद्यमनगर हसलं. एवढं हसलं की त्या हसण्यानं त्यानं डोळे उघडले. मुलगा भलत्याच बाजूला उभा दिसला. बायकोनं पदर तोंडाला लावलेला दिसला. मग त्याला कळलं. मागून कुणी ओरडलं, "आप्पा, दोन सेन्सर कानालाच बसवून घ्या की!" बोलणारे होते ते त्याची ढब उचललेले मेस्त्रीच.

डावा कान त्याचा तरुणपणीच गेला होता. ऑइल इंजिनच्या कारखान्यात टेस्टिंगला होता तेव्हा, रोज तीच बाजू इंजिनाकडं करून. हे फक्त शांतादेवीला माहीत होतं. दुपारी डाव्या बाजूचे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उघडले तेव्हा दोनांत कचरा निघाला. शिवकुमार तो कचरा बोटावर घेऊन आईला दाखवायला गेला. मी तिथंच होतो.

"बघ अव्वा, मी बरोबर होतो."

"व्हय," ती म्हणाली. "मला म्हाईत होतं त्यांचा कान गेलाय ते. तुला कधी सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस, चारचौघांत." आणि ती घरात निघून गेली.

चनबसाप्पानं शब्द पाळला. इंजिनाला पुन्हा हात लावला नाही. गॅरेज शिवकुमारचं झालं, गिऱ्हाईक वाढलं. म्हातारा रोज येतो आणि शटरजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. जाणारे येणारे मुद्दाम डावीकडून हाक मारतात, शिव्या देतात, आणि तो वळला नाही की टाळ्या देतात. त्यानं जे पेरलं तेच उगवलं असं मी म्हणायचो. हल्ली म्हणत नाही, पण हसणाऱ्यांना गप्प बस असंही म्हणत नाही.

परवा एका गाडीच्या पोटातून ठकठक येत होती. दोन्ही सेन्सर चोख आकडे देत होते. सेन्सर श्वास मोजतात, हाडं मोडली की ते त्यांना कळत नाही. शिवकुमारला काही उमजेना. पत्र्याच्या फटीतून मी बघत होतो. शेवटी तो बापाजवळ गेला आणि उजव्या बाजूला वाकून म्हणाला, "आप्पा, जरा ऐकता का?"

चनबसाप्पा उठला. मला वाटलं आता गाडीकडं जाईल. त्यानं खुर्ची उचलली, फिरवली, डावा कान मुलाकडं करून पुन्हा बसला आणि रस्त्याकडं बघायला लागला. शिवकुमार वळसा घालून पुन्हा उजवीकडं गेला, आणि म्हाताऱ्यानं पुन्हा खुर्ची फिरवली.