फटीतलं कुंकू

कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने घट्ट करायची एक जाड बैठक असते. तिला आम्ही बॅटरी ग्रिप म्हणतो. आत दोन बॅटऱ्या बसतात, त्यामुळे मंगलाष्टकं चालू असताना बॅटरी बदलायची नामुष्की येत नाही. शिवाय कॅमेरा उभा धरला की बोटाखाली येईल असं एक जादा बटण तिच्यावर असतं. माझं निम्मं काम उभ्या फोटोंचं. नवरी उभी, नवरा उभा, मागे मामा उभा. दिवसभर मनगट पिळून असे फोटो काढले की दुसऱ्या दिवशी मला कणीक मळता येत नाही. तेव्हा ग्रिप हा काही माझा शौक नव्हता.

मी नाहूरला राहते आणि लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, जे येईल त्याचे फोटो काढते. माझी पहिली ग्रिप कुठल्या कंपनीची होती ते देव जाणे. स्वस्तातली होती, पण पाच वर्षं मुकाट चालली. ती म्हातारी झाल्यावर मी हट्टाने खुद्द कॅमेऱ्याच्या कंपनीचीच नवी घेतली. खोक्यावर चकचकीत स्टिकर, आत दोन वर्षांचं वॉरंटी कार्ड, बारा भाषांतलं माहितीपत्रक. आणि बॅटरीचं दार बंद केलं तरी एका कडेला माझं नख जाईल एवढी फट. कॅमेरा हलवला की खुळखुळा वाजायचा. नाव मोठं आणि लक्षण खोटं, दुसरं काय.

पंधरा दिवसांत मी तक्रार केली. फोटो काढणं हा धंदाच असल्यामुळे फटीचा फोटो मी असा काढला की तिला स्थळं यावीत. बाजूने उजेड, मागे काळा कपडा, फटीत माझं नख. कंपनीचं उत्तर आलं की एवढी फट त्यांच्या ठरलेल्या मर्यादेत बसते. नखासकट बसते का, असं मी उलट विचारलं. त्याला उत्तर आलं नाही. हंगाम सुरू झाला होता, मी फटीवर काळी चिकटपट्टी लावली आणि कामाला लागले. घामाने ती पट्टी दर आठवड्याला सुटायची आणि मी दर आठवड्याला कंपनीच्या नावाने बोटं मोडत नवी लावायची.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी येतं.

त्या मालवणकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. सासरे गिरणीत होते. मी या घरात आले तेव्हा गिरणी बंद पडून जमाना झाला होता आणि सासरेही नव्हते, पण 'काम' हा शब्द सासूबाईंनी त्यांच्यासाठीच राखून ठेवला होता. ते 'कामार' जायचे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, ऑफिसात बसतो म्हणून तोही कामावर जातो. मी मात्र 'फोटो काढूक' जायची. शेजारणीने विचारलं की सून कुठे, तर उत्तर ठरलेलं, "खंयतरी लग्नाक गेलीहा." म्हणजे जणू मी जेवायला गेले आहे.

दसऱ्याला तर हे फारच बोचायचं. आमच्याकडे पाटावर सगळी हत्यारं मांडतात. सासऱ्यांचा गिरणीतला पाना, सासूबाईंचं शिलाई मशीन, विळी, मुलीची पुस्तकं. नवऱ्याचा लॅपटॉप आला तेव्हा त्यालाही पहिल्याच वर्षी झेंडू मिळाला. कॅमेरा कपाटात. मी कधी बोलले नाही. मागून घेतलेल्या मानात काय राम! पण चौदा दसरे मी मोजले होते, हे खोटं कशाला सांगू?

ही ग्रिप घेतली त्या वर्षी उन्हाळ्यात नात्यातल्या एका मुलीचं लग्न बोरिवलीला होतं आणि फोटोचं काम माझ्याकडे होतं. सासूबाई पहिल्या रांगेत पंख्याखाली बसून होत्या, हळदीपासून पाठवणीपर्यंत. घरी परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "दिवसभर बसलंस नाय गो तू." मी म्हटलं, नाही बसले.

दसऱ्याच्या सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर माझा कॅमेरा पाटावर. पाना, मशीन आणि मध्ये माझा कॅमेरा. काचेला धक्का नको म्हणून त्यांनी तो आडवा ठेवला होता, ग्रिपचं दार वर करून. मी दारातच थांबले. त्यांनी चिमटीने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडले. चिकटपट्टी दोनच दिवसांपूर्वी सुटली होती आणि नवी लावायची राहिली होती, हे मला त्या क्षणी पक्कं आठवलं. एक शब्द पुरला असता, "आई, थांबा." नाही बोलले. चौदा वर्षांनी पानात पडलेलं, त्याला मीठ कमी आहे असं कोण म्हणेल? मला इतका आनंद झाला होता की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पुरीचं पीठ पुन्हा मळलं.

नंतर फुंकर मारून, ब्रशने झटकून मी ग्रिप साफ केली. वरवरची साफ झाली.

दिवाळीनंतरच्या मुहूर्तांना तिने रंग दाखवायला सुरुवात केली. बॅटऱ्या भरलेल्या असताना कॅमेरा बंद पडायचा. मुलुंडच्या एका डोहाळजेवणात तर उभ्या फोटोंचं ते जादा बटण आतच अडकलं आणि ओटी भरणाऱ्या मावशींचे एकाच वाटीसकट साठ फोटो निघाले. मावशी खूश झाल्या. मी ग्रिप काढून पिशवीत टाकली आणि उरलेला दिवस मनगट पिळत काढला.

सर्व्हिस सेंटर अंधेरी पूर्वेला. काउंटरवरचे इंजिनियर चाळिशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला सरळ. मी आधी फटीबद्दल दहा मिनिटं भांडून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं, पांढरा कागद अंथरला आणि माझ्यासमोरच ग्रिप उघडली. कागदावर पिवळी भुकटी पडली. मग लाल. घामात कालवून तिचा लेप झाला होता आणि तो सुकून तांब्याच्या पट्ट्यांवर बसला होता. शेवटी त्यांनी चिमट्याने एक तांदळाची कणी काढून कागदावर ठेवली.

"मॅडम, दसरा का?"

"हो."

"आमच्याकडे पण करतात," ते म्हणाले. मग चष्मा खाली घेऊन त्यांनी वॉरंटीची अट वाचून दाखवली. बाहेरचा पदार्थ आत गेल्यास वॉरंटी लागू नाही.

"आणि पदार्थ गेला कुठून? फट तुमची, कुंकू माझं."

"पॉइंट बरोबर आहे, पण वरच्या लोकांना कुंकूच दिसणार ना. ठेवून जा, मी विचारतो. फोन करतो."

घरी येईपर्यंत माझं डोकं नुसतं तापत गेलं होतं. राग कंपनीचा होता. थोडा माझाही होता, पण तो कोण मान्य करतो? सासूबाई ओट्यापाशी कोलंबी सोलत होत्या. "काय झाला?" त्यांनी विचारलं, आणि मी म्हणाले, "तुमच्या हळदीकुंकवाने वाट लागली माझ्या कामाची! कुणी सांगितलं होतं?"

त्यांचा हात थांबला. "असा?" एवढंच म्हणाल्या. मग पुन्हा कोलंबी सोलायला लागल्या.

त्यानंतर घरात भांडण वगैरे काही झालं नाही. झालं असतं तर बरं. त्या मला चहा देत होत्या, मुलीला शाळेत सोडत होत्या, मालिका बघत होत्या. फक्त कॅमेऱ्याची पिशवी जिथे असेल तिथून दोन हात लांबून जायच्या. एकदा केर काढताना पिशवी आड आली तर त्यांनी मुलीला हाक मारली, "तुझ्या आईची वस्तू उचल. माका हात लावूचो नाय." ते ऐकून मला रडायला आलं. ग्रिप काय, पुन्हा घेता येईल. जे मिळायला चौदा वर्षं लागली ते मी एका वाक्यात घालवलं होतं, आणि माफी मागायला तोंड उघडलं की 'आज भाजी कुठली करू' एवढंच बाहेर पडत होतं.

आठवड्याने इंजिनियरांचा फोन आला. माझे हात पिठाचे होते म्हणून फोन स्पीकरवर होता. उद्या या, एक जबानी लिहून द्यावी लागेल, ते म्हणाले. फोन ठेवला तर सासूबाई मागे उभ्या.

"मी येतंय तुझ्यावांगडा."

"तुम्ही कशाला, आई?"

"मी केलाहा, मी सांगतंय त्यांका."

त्यांना वाटत होतं, गिरणीत व्हायचं तसं असेल. ज्याने चूक केली त्याने साहेबासमोर उभं राहून कबूल केलं की साहेब चार शब्द सुनावतो आणि प्रकरण मिटवतो. इथे कबुली म्हणजेच प्रकरणाचा निकाल, हे त्यांना समजावण्याची माझी हिंमत झाली नाही. घाटकोपरला मेट्रोत बसलो. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती. सगळा वेळ पर्स मांडीवर धरून ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होत्या.

काउंटरवर इंजिनियरांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि आवाज खाली आणला. "मॅडम, आत कसं गेलं माहीत नाही, असं लिहा. तुमची फटीची जुनी तक्रार रेकॉर्डला आहे. दोन्ही जोडून मी वर रेटतो. होऊन जाईल." भला माणूस. मी पेन उघडलं. लिहिणारच होते, तेही सांगून टाकते. माहीत नाही, एवढंच तर लिहायचं होतं.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. परक्यांसमोर त्या मालवणी सोडून पुस्तकी बोलायला जातात, तशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, ते मी लावलं. दसऱ्याला. हिला काही माहीत नव्हतं. चूक माझी आहे, शिक्षा हिला नको. हिचं काम अडतं."

इंजिनियर माझ्याकडे बघायला लागले. मागच्या केबिनमधून त्यांचे वरिष्ठ बाहेर आले.

"आणि मी ओलं नाही लावलं," सासूबाई पुढे म्हणाल्या, आता थोड्या घाईने. "घरच्या मशीनला मी कुंकू ओलं करून लावते, टिळा राहतो. पण ही विजेची वस्तू. पाणी लागलं तर बिघडेल म्हणून मुद्दाम कोरडं वाहिलं. काचेला पण हात लावला नाही. विचार करून केलं हो."

ओल्या कुंकवाचा टिळा दारावरच वाळून बसला असता. कोरडं होतं म्हणूनच ते फटीतून आत सांडलं. इंजिनियरांना ते कळलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी ते तोंडातून काढलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही.

आणि मला कळलं ते वेगळंच. दारात उभी राहून मी कोरडं की ओलं हे पाहिलंसुद्धा नव्हतं. मी माझा मान पाहत होते. त्या माझ्या कॅमेऱ्याची काळजी घेत होत्या.

वरिष्ठ सभ्य होते. कबुली झाली म्हटल्यावर वॉरंटी नाही, पण फॉर्मवर सही केलीत तर नव्या ग्रिपवर सवलत मिळेल, म्हणाले. मी फॉर्म वाचला. बिघाडाचं कारण या रकान्यात छापलं होतं, ग्राहकाकडून गैरवापर.

"हा शब्द खोडा."

"मॅडम, सिस्टिममध्ये दुसरा ऑप्शन नाही."

"पूजा लिहा."

"तसा ऑप्शन नाही ना, मॅडम."

"मग माझी सही पण नाही." माझा आवाज चढला होता, रांगेतले दोघे वळून बघत होते. "फट तुम्ही ठेवलीत. त्यांनी गैरवापर केलेला नाही."

सुटी झालेली ग्रिप कागदात गुंडाळून घेतली आणि आम्ही बाहेर आलो. ऊन चांगलंच होतं. सासूबाई रस्त्याच्या कडेला सावलीत थांबल्या. सही का केली नाही, ते त्यांनी विचारलं नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि आठवडाभर अडकलेलं एकदाचं बोलले. "आई, त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले. तुम्ही कुंकू वाहत होतात तेव्हा मी दारातच होते. फट उघडी आहे हे मला माहीत होतं. चूक माझी होती."

त्यांनी पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपला, लहान मुलीचा टिपावा तसा खसाखसा.

"ऱ्हवांदे गो," म्हणाल्या. "कामार जाणाऱ्या माणसाचा डोक्या तापताच. ह्यांचा पण तापायचा."